कप्तानाच्या मुठीतला माणूस

शनिवार, ५ मार्च

ही वही बायकोने, विनीने, मला नाताळात दिली होती, रुबार्बच्या, म्हणजे त्या आंबट लाल देठांच्या वाफ्यांची नोंद ठेवायला. रुबार्बला नोंद लागत नाही. शेडमध्ये अंधार ठेवला की तो आपला आपण वाढतो. पण आज पुतळा समिती घरी येऊन गेली, आणि मला वाटलं की इथून पुढे जे होईल ते माझ्या हाताने लिहून ठेवलेलं बरं. मागाहून लोक काहीही सांगत सुटतात.

तर आमच्या केल्डरबीत माझा पुतळा होणार. माझा म्हणजे माझा आणि ईनॉक सायक्सचा, त्या फोटोत आहे तस्सा. समितीचा अध्यक्ष नगरसेवक पॉग्सन. हा बाबा जन्मात कधी स्क्रममध्ये, दोन्ही संघांच्या त्या वाकून केलेल्या रेटारेटीत, डोकं घालायला गेला नाही, पण रग्बीवर बोलायला लागला की थांबत नाही. "क्लेम, खाण गेली, गिरणी गेली," म्हणाला. "या गावाकडे दाखवण्यासारखं काय उरलंय सांग? तू!" मी म्हटलं, "वीस वर्षांपूर्वी यायचं होतंस रे, तेव्हा डोक्यावर केस होते." सगळे खो खो हसले. विनी चहा ओतत होती, ती काही हसली नाही. तिचे गुडघे दुखतात हल्ली.

फोटो गावात कुठे नाही? तळलेल्या माशांच्या दुकानात आहे, न्हाव्याकडे आहे, दोन्ही पबमध्ये आहे. कपची फायनल, आम्ही पाच-सातने मागे, अकरा मिनिटं उरलेली. ईनॉकच्या कानशिलावर कुणाचा तरी गुडघा बसला आणि तो कोसळला. फोटोत मी त्याचा शर्ट छातीपाशी मुठीत धरून त्याला उठवतोय, आणि त्याचे डोळे आभाळाकडे लागलेत. खाली त्याचं वाक्य छापलंय, "मला बाहेर काढू नकोस, कप्तान." मग स्क्रम झाला, ईनॉकने चेंडू आमच्या बाजूला ओढला आणि मी तो घेऊन रेषेपलीकडे पडलो, तीन गुण. आठ-सात. केल्डरबीत कप आला तो तेव्हाच. आधी नाही, नंतर नाही.

ते वाक्य चौथऱ्यावर वीतभर अक्षरांत कोरणार आहेत. मला आनंद झालाय. अडुसष्टाव्या वर्षी उगाच कशाला लाजायचं?

मंगळवार, ८ मार्च

ईनॉकच्या घरून संमतीची सही हवी होती. त्याच्या बायकोने, आयव्हीने, कागद कोराच परत पाठवला. पॉग्सन म्हणतो, तू एकदा बोल. मी का बोलू? आयव्ही पहिल्यापासून आंबट. लग्नातही रुसून बसली होती.

गुरुवार, १० मार्च

पुतळा घडवणारी मुलगी लीड्सहून आली होती. ब्रायनी नाव. तिशीची असेल, हाताला माती लागलेली, रग्बीतलं ओ की ठो कळत नाही. मला खुर्चीत बसवून माझं नाक, कान, मनगटं मोजली. "नाक किती वेळा मोडलंय?" विचारलं. म्हटलं, "पाच वेळा मोजलं, नंतर सोडून दिलं." चांगली हसली.

विनी नेहमीप्रमाणे गुरुवारची चॅपेलच्या शिवणमंडळाला गेली, हातात तांदळाच्या खिरीचं भांडं. या बायका शिवतात कमी आणि खातात जास्त. भांडं मात्र दर वेळी धुतल्यासारखं रिकामं परत येतं.

रविवार, १३ मार्च

सकाळी शेडमध्ये होतो. रुबार्ब काढताना मेणबत्तीच लावायची, जास्त उजेड पडला की देठ कडक होतात. दार करकरलं आणि उजेड आत आला. मी ओरडलो, "दार लाव आधी!" आयव्ही आत आली, दार लावलं आणि पाठ टेकून उभी राहिली.

"क्लेम, पुतळा करायचा तर कर," म्हणाली. "तुझा कर, त्याचा कर, पॉग्सनच्या कुत्र्याचा कर. पण ते वाक्य नको."

"का नको? अख्ख्या गावाला पाठ आहे."

"म्हणूनच नको. ते त्याचं नाही."

"तुला काय माहीत? तू स्टँडमध्ये होतीस, आयव्ही. त्याच्याजवळ मी होतो."

"चोवीस वर्षांची असल्यापासून नांदतेय मी त्याच्याशी," ती म्हणाली. "ईनॉकने जन्मात कुणाला 'नकोस' म्हटलेलं नाही. पुडिंग कच्चं राहिलं तरी छान झालंय म्हणायचा. एवढं लांबलचक, एवढं तोऱ्याचं वाक्य? आणि तेही डोक्यात गुडघा बसल्यावर?"

मी रागावलो. म्हटलं, तुझ्या नवऱ्याला मी अमर केलं, आणि तू माझ्या शेडमध्ये येऊन मला खोटा ठरवतेस? ती म्हणाली, "अमर नको होता मला. जरा शहाणासुरता हवा होता." आणि गेली. दार तसंच उघडं टाकलं. पुढच्या ओळीचे देठ वाया गेले.

सोमवार, १४ मार्च

अजून डोकं तापलेलं आहे म्हणून लिहितो. पोरांना सांगून खरं वाटत नाही, पण तेव्हा बदली खेळाडू नावाची चीजच नव्हती. तेरा जण उतरायचे, तेच शेवटपर्यंत. हात मोडलेला माणूस, बरगडी गेलेला माणूस, त्याला विंगवर नेऊन उभा करायचा. तिथे कडेला काही करता नाही आलं तरी निदान समोरच्याच्या वाटेत यायचा. डॉक्टर म्हणजे बादली आणि स्पंज घेतलेला म्हातारा. हे मी शोधून काढलेलं नाही, खेळच तसा होता.

आणि ईनॉक त्यानंतरही पाच वर्षं खेळला. खाणीत वीस वर्षं राबला. त्याच्या डोक्याचं आत्ता जे झालंय ते कुठल्या धक्क्याने झालं हे कुणी सांगावं? मी डॉक्टर आहे का? मी कप्तान होतो. कप्तानाने सामना जिंकायचा असतो आणि मी जिंकला. कुणाला त्रास असेल तर त्याने माझ्याकडे यावं, मी घरीच असतो.

गुरुवार, १७ मार्च

आज ऐकलं. माझ्या या दोन कानांनी ऐकलं, आणि साक्षीदार दोन!

सही घ्यायला मीच गेलो ईनॉककडे. तीन-चार वर्षांनी गेलो असेन. सहा म्हणू. दार विनीने उघडलं. माझी विनी! हातात चमचा, खांद्यावर फडकं. आत ईनॉक खुर्चीत, हनुवटीवर खीर.

"हे काय? शिवणमंडळ?" मी विचारलं.

"चार वर्षांत मी शिवलेली एक तरी वस्तू पाहिलीस का रे घरात?" ती म्हणाली.

चार वर्षं आपली बायको आपल्याशी खोटं बोलते म्हणजे काय! पण आयव्हीसमोर तमाशा नको म्हणून गप्प राहिलो. ईनॉक वाळलाय. मान मात्र अजून तशीच, बैलासारखी. माझ्याकडे बघून म्हणाला, "तुम्ही गॅसवाले का?"

"अरे, मी क्लेम."

"नाही हो," तो हसून म्हणाला. "क्लेम फार मोठा माणूस आहे. तो नाही यायचा इकडे."

एवढं होऊनही त्याच्या मनात माझ्याबद्दल किती आदर आहे बघा. मला भरून आलं.

मग आयव्ही त्याला आंघोळीला उठवायला गेली. त्याने खुर्चीचे हात गच्च धरले आणि स्पष्ट, खणखणीत बोलला, "मला बाहेर काढू नकोस, कप्तान!" मी मांडीवर थाप मारली. "ऐकलंत? ऐकलंत दोघींनी? आता कोण खोटं?"

आयव्ही त्याची बोटं एकेक करून सोडवत राहिली. "औषध देताना हेच म्हणतो," ती म्हणाली. "पोस्टमन आला तरी हेच. तीस वर्षं पबमध्ये बिअरचा ग्लास समोर धरून लोक त्याच्याकडून हे म्हणवून घ्यायचे, क्लेम. म्हटल्याशिवाय ग्लास हातात द्यायचे नाहीत. तूही असायचास. आता बायकोचं नाव गेलं, पोरीचं नाव गेलं, हे राहिलं."

पण मुद्दा हा की तो ते वाक्य म्हणाला.

शनिवार, १९ मार्च

मॅचला गेलो. मैदानावर अजून माझी जागा ठरलेली आहे, मधल्या रेषेसमोर. उत्तरार्धात आपल्या एका पोराला मार लागला, लगेच दोघे धावले, खांद्यांना धरून बाहेर आणलं, दुसरा पोरगा आत. एक मिनिटसुद्धा लागलं नाही. माझ्या मागचा म्हातारा ओरडला, "तुमच्या वेळी असं नव्हतं, काय कप्तान?" मी म्हटलं, "नव्हतं." एरवी मी पुढे गोष्ट सांगतो. आज सांगितली नाही. मॅच अर्धवट सोडून घरी आलो.

बुधवार, २३ मार्च

ब्रायनीच्या कारखान्यात गेलो होतो. लोखंडी सळ्यांवर मातीचे दोघे जण, माणसापेक्षा मोठे. माझा चेहरा झकास जमलाय, मलाच माझी भीती वाटली. ईनॉकचा अजून झाला नव्हता.

"मला एक अडलंय," ती म्हणाली. "याचे गुडघे बसत नाहीयेत मला."

"म्हणजे?"

"फोटो मोठा करून घेतला मी. माणूस उठायला लागला की भार टाचेवर येतो आणि मांडी ताठ होते. याचे गुडघे सैल आहेत, पावलं आडवी पडलीयेत. अंगाचा सगळा भार तुमच्या मुठीवर आहे." तिने पेन्सिल फोटोवर ठेवली. "मला सरळ सांगा, म्हणजे मी तसं घडवीन. हा उठत होता की बसत होता?"

"उठत होता," मी म्हटलं.

"नक्की?"

"पोरी, मी तिथे होतो."

ती बरं म्हणाली आणि हात धुवायला गेली. मी तिथल्या स्टुलावर बराच वेळ बसलो. या पोरीला स्क्रम म्हणजे काय हेही माहीत नाही. अडतीस वर्षं तो फोटो हजारो लोकांनी पाहिला, आणि एकाला गुडघे दिसले नाहीत.

गुरुवार, २४ मार्च

विनी खीर घेऊन ईनॉककडे गेलीय. घरी कुणी नाही. खरं काय ते लिहितो.

ईनॉक गुडघ्यांवर होता. मी त्याच्यासमोर वाकून म्हटलं, "ऊठ." त्याने माझ्याकडे पाहिलं, आणि त्याला मी ओळखीचा वाटलो नाही. परक्या घरात गेल्यावर माणूस बोलतो तसा तो अगदी नम्रपणे बोलला, "मी जरा इथे बसू का?"

एवढंच. "मी जरा इथे बसू का?"

मी त्याला विंगवर पाठवू शकलो असतो. तिथे तो बसला असता, आडवा झाला असता, कुणी हूं म्हटलं नसतं. पण ईनॉक आमचा हुकर. स्क्रमच्या मधोमध लोंबकळून पायाने चेंडू ओढणारा त्याच्यासारखा तेव्हा आसपास कुणी नव्हता, आणि चेंडू मिळाल्याशिवाय आम्ही हरणार होतो. मी म्हटलं, "नंतर बस." शर्ट धरला आणि ओढला. फोटोवाल्याने तेव्हा बटण दाबलं.

संध्याकाळी पेपरवाल्याने विचारलं, तो काय म्हणाला? 'बसू का' असं कसं सांगणार? दहा हजार लोक बाहेर गात होते. माझ्या तोंडून ते वाक्य निघालं. ठरवून नाही. पण निघाल्यावर मी ते परत घेतलं नाही, हे ठरवून.

चार दिवसांनी ईनॉकने पेपर वाचला. "असं म्हणालो मी?" त्याने मला विचारलं. म्हटलं, "होय." तो खूश झाला. "बरं म्हणालो," म्हणाला. त्याने तो कागद पाकिटात घडी करून ठेवला होता, घडीवर फाटेपर्यंत. कुणाचं काय बिघडलं, असं मी स्वतःला सांगत आलो. अजूनही अर्धं मन तेच सांगतंय.

शुक्रवार, २५ मार्च

विनीला सांगितलं. ती बटाटे सोलत होती, सुरी थांबली नाही.

"माहीत आहे," म्हणाली.

"कुणी सांगितलं?"

"कुणी कशाला सांगायला हवं? मैदानात राहण्याचा हट्ट करणाऱ्याला शर्टाला धरून उभं करावं लागत नाही. दुसऱ्या दिवशी पेपर बघितला तेव्हाच कळलं."

"मग अडतीस वर्षं गप्प का राहिलीस?"

"तू कधी विचारलंस?" आणि मग सुरी खाली ठेवून म्हणाली, "वाटायचं, आज सांगेल, उद्या सांगेल. मग ते वाटणंही सुटलं."

मला फार लाज वाटली. तिच्यासमोर वाटली ही त्यातल्या त्यात बरी गोष्ट.

मंगळवार, २९ मार्च

पॉग्सनकडे गेलो. सगळं सांगितलं. त्याने उठून दार बंद केलं.

"हे आणखी कुणाला बोललास?"

"बायकोला."

"मग इथेच मिटव. क्लेम, लोकांना अभिमानाने सांगायला हीच एक गोष्ट आहे गावात. तू ती काढून घेणार? कुणासाठी? ईनॉकला आता कळतंय का काही?"

"आयव्हीला कळतंय."

"आयव्हीला मी चौथऱ्यासमोरची पहिली खुर्ची देतो."

मी टोपी डोक्यावर चढवली. म्हटलं, "नऊ तारखेला जुन्या खेळाडूंचं जेवण आहे. तिथे मी बोलणार. थांबवायचं असेल तर दारात उभा राहा, आणि हात-पाय वाचवून." तो म्हणाला, माझ्यावर समितीचा विश्वास होता. असू दे. मी कप्तान असताना निवड समिती मला तीनदा काढायला निघाली होती. ती समिती गेली, मी अजून इथेच आहे.

रविवार, १० एप्रिल

काल झालं एकदाचं. खाणकामगारांच्या हॉलमध्ये दुपारी दीडशे माणूस, मांस भरलेला पाई आणि मटार. दर वर्षी जेवण झालं की मी उठतो, फायनल सांगतो, आणि ते वाक्य यायच्या ठिकाणी थांबतो. मग सगळे टेबलावर मुठी आपटून ते एका आवाजात म्हणतात. तीस वर्षं असंच चाललंय.

मी उठलो. पाच-सात. अकरा मिनिटं. गुडघा. त्या जागी आलो आणि हात वर करून म्हटलं, "थांबा." थांबतात कसले! मुठी आपटल्या, काटे-चमचे उडाले, दीडशे गळ्यांतून वाक्य निघालं. मी त्यांना ओरडू दिलं. आवाज खाली बसल्यावर म्हटलं, "तो असं म्हणाला नव्हता. हे मी रचलं. तो म्हणाला, मी जरा इथे बसू का. मी बसू दिलं नाही."

कुणाला तरी वाटलं चेष्टा आहे, तो हसला.

जॉस क्रॅबट्री उठला. आमचा प्रॉप, स्क्रममध्ये ईनॉकला उजवीकडून धरायचा तो. एक्काहत्तर वर्षांचा, तरी दरवाजाएवढा. "तेव्हा खोटं बोलत होतास की आत्ता?" त्याने विचारलं.

"तेव्हा. आणि मधली अडतीस वर्षं."

"मग आम्ही काय जिंकलो रे, हलकटा?"

"कप जिंकलो. आठ-सात. तो खराच आहे, कपाटात आहे, जाऊन बघ. वाक्य खोटं आहे."

"कशाला सांगितलंस?" तो ओरडला. त्याचा चेहरा लालबुंद झाला होता आणि डोळ्यांतून पाणी येत होतं. "कोण मागत होतं तुझ्याकडे? त्या स्क्रममध्ये त्याचे पाय जमिनीला नव्हते! मी उजवीकडून, डिकने डावीकडून खांद्यावर उचलून नेला त्याला. मी बोललो कधी? डिक मरेपर्यंत बोलला का?"

मला हे माहीत नव्हतं. स्क्रमच्या मागच्या टोकाला मी, पुढचं दिसत नाही. म्हणजे आम्ही तिघं एकेकटे हे पोटात घालून बसलो होतो आणि दर वर्षी टेबलं बडवत होतो. जॉस ताट अर्धवट टाकून निघून गेला, त्याच्यामागे आणखी वीसेक जण. मी खाली बसलो नाही. राहिलेल्यांना शेवटची अकरा मिनिटं पूर्ण सांगितली, जशी झाली तशी. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. विनी माझ्या शेजारी उभी राहिली होती.

शुक्रवार, १५ एप्रिल

माशांच्या दुकानातला फोटो उतरवलाय. शेडच्या दारावर कुणीतरी पांढऱ्या रंगाने 'खोटारडा' लिहिलंय. बरोबर लिहिलंय, म्हणून मी पुसलं नाही. रुबार्ब नेणाऱ्या बायका त्याच दारातून येतात, वाचतात आणि देठ बारीक आहेत म्हणून कटकट करतात. पॉग्सनने कळवलं की पुतळ्याचं काम थांबवलंय.

आज आयव्ही आली. मी कानटोपी काढली. वाटलं, आता काहीतरी चांगलं बोलेल.

"उशीर केलास," ती म्हणाली.

"हो."

"दहा वर्षांपूर्वी सांगितलं असतंस तर त्याला समजलं असतं. आता मी रोज सांगतेय त्याला, तू असं म्हणाला नव्हतास रे. ऐकतो, मान हलवतो आणि पुन्हा तेच."

"मी काय करू आयव्ही?"

"गुरुवारी येत जा. विनीचे गुडघे दुखतात."

मंगळवार, २६ एप्रिल

ब्रायनी घरी आली. थांबवलंय वगैरे तिला मान्य नाही, तिने माती ओली ठेवलीय. मी विचारलं, "मला त्यातून काढता येईल का?"

"काढलं तर तो पडेल," ती म्हणाली. "त्याचा सगळा भार तुमच्यावर आहे."

"पाडू नकोस. बसव त्याला."

तिने टेबलावरच पेन्सिलीने चित्र काढलं. पाय पसरलेले, हात मांडीवर, दमलेला माणूस गवतावर बसलाय.

विनी म्हणाली, "गाव हे उभं करू देईल का?" मी म्हटलं, गावाला विचारायला मी जिवंत आहे. सगळ्या वर्गणीदारांच्या दारात मी स्वतः जाणार. दार आपटलं तर दुसऱ्या दिवशी पुन्हा जाणार. स्क्रममध्ये मागे सरायचं मी कधी शिकलोच नाही.

सोमवार, ११ जुलै

दोनशे छत्तीस दारं झाली. तीन कुत्रे, एक बादलीभर पाणी. पण होकार जास्त. बायका लवकर समजतात, कारण प्रत्येकीच्या घरात कुणीतरी खाणीतून नाहीतर मैदानातून 'बसू का' म्हणत आलेला आहे. आज शेवटचं दार जॉस क्रॅबट्रीचं. त्याने दार उघडलं, कागद घेतला, भिंतीला टेकवून सही केली आणि दार लावलं. समितीतही सात विरुद्ध चार झालं. पॉग्सन आता सांगत फिरतोय की कल्पना त्याचीच.

शनिवार, ३ सप्टेंबर

आज पुतळा उघडला. मैदानाच्या फाटकापाशी, अगदी बुटका चौथरा, पोराटोरांना चढता येईल असा. पाटीवर ईनॉकचं नाव, हुकर म्हणून खेळल्याची वर्षं, बाकी काही नाही. माझं नाव कुठेच नाही. जवळ गेल्यावर दिसलं की ब्राँझच्या शर्टाला छातीपाशी चुणी ठेवलीय, आत्ताच कुणाची तरी मूठ सुटल्यासारखी. ब्रायनी दुरून माझ्याकडे बघत होती. मी मान हलवली.

पाऊणशे खुर्च्या मांडल्या होत्या, पण राष्ट्रगीतानंतर पॉग्सनने सगळ्यांना उभंच ठेवलं. मानवंदना म्हणे. मग त्याचं भाषण सुरू झालं. गावाचा लढाऊ बाणा, पोलादी मनं, शेवटच्या मिनिटापर्यंत उभे राहणारे आपले वीर. ईनॉक पुढच्या रांगेत आयव्हीचा हात धरून उभा होता, नव्या कोटात. मला त्याचे गुडघे दिसत होते. त्याने इकडेतिकडे पाहिलं, आयव्हीचा हात सोडला, आणि सावकाश चालत चौथऱ्यापाशी जाऊन त्या ब्राँझच्या माणसाशेजारी बसला.

पॉग्सनचा आवाज अडखळला. पट्टेवाला एक जण धावला आणि त्याने ईनॉकच्या काखेत हात घातला. "चला आजोबा, उठा, मोठी माणसं बोलतायत."

मी मध्ये गेलो आणि त्याचं मनगट धरलं. माझी पकड अजून बरी आहे. "हात काढ," मी म्हटलं. "त्याला बसायचंय."

"पण साहेब, सगळे उभे..."

"राहू देत उभे."

तो गेला. ईनॉकने माझ्याकडे मान वर करून पाहिलं. ओळखलं नाही. मग तो थोडा सरकला आणि शेजारची जागा हाताने झटकून दिली, पाहुण्याला देतात तशी. मी बसलो. पॉग्सन मायकपाशी उभा राहून डोळ्यांनी मला उठा, उठा म्हणत होता. सगळं गाव बघत होतं. त्याचं भाषण आणखी वीस मिनिटं चाललं, आणि मी उठलो नाही.